बेकचं घरी पटत नाही

"काकू, त्या बेकचं घरी पटत नाही हो."

"कोण बेक? वरच्या मजल्यावर नवे आलेत ते?"

"छे! स्टॉकहोमचा. खुनाच्या तपासावर असतो. पोलीस."

"मग पटणार कसं?" काकूंनी पाण्याचा पाइप जास्वंदीच्या आळ्यात सोडला आणि भिंतीवर कोपर टेकलं. काका फौजदार म्हणून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण पोलिसाच्या संसाराबद्दल आमच्या गल्लीत शेवटचा शब्द काकूंचा. "पोट बरं आहे का त्याचं?"

"अजिबात नाही. कॉफी सोसत नाही तरी पितो. वर्षाचे बारा महिने सर्दी. बायकोशी बोलायला नको म्हणून जहाजांची मॉडेलं जोडत बसतो आणि रात्री बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो."

"अगंबाई! आणि हे तुला कोणी सांगितलं?"

सांगितलं माय शोवॉल आणि पेर वालो या दोघांनी. 1965 ते 1975 या काळात त्यांनी मार्टिन बेकवर दहा कादंबऱ्या लिहिल्या. मी त्या इंग्रजीतून वाचतेय, आणि वाचलेलं काकूंना सांगितल्याशिवाय पचत नाही.

"नवरा-बायको का?"

"लग्न नव्हतं केलं. राहायचे एकत्र. मुलं होती."

"बरं," काकू म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये पुष्कळ काही होतं. "मग लिहायचे कधी?"

"रात्री, मुलं झोपल्यावर. आधी सगळी गोष्ट बारकाईनं ठरवायची, मग टेबलाशी बसून एक प्रकरण तिनं, एक त्यानं. प्रत्येक पुस्तकात तीस प्रकरणं. दहा पुस्तकं मिळून तीनशे प्रकरणांची एकच कादंबरी, असा बेत. आणि सगळ्यांना मिळून नाव दिलं, 'एका गुन्ह्याची कादंबरी'."

"एका कसं? दहा पुस्तकांत खून ढीगभर असतील."

"तेच तर. तो एक गुन्हा कोणता, ते शेवटी सांगते."

काकूंना असं ताटकळत ठेवलेलं आवडत नाही. पण त्यांच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांसाठी घरात भावंडांची मारामारी व्हायची, त्यामुळे दम धरायची सवय आहे.

"पहिलं पुस्तक 'रोझॅना'," मी म्हटलं. "स्वीडनमध्ये योता नावाचा कालवा आहे. त्यातून प्रवासी बोटी जातात. मोतालाजवळ गाळ काढताना एका बाईचं प्रेत सापडतं. अंगावर कपडा नाही, जवळ कागद नाही. कोण, कुठली, काही पत्ता नाही. महिने जातात, नावसुद्धा कळत नाही."

"अर्नाळकरांचा झुंजार असता तर दोन रात्रींत लावला असता छडा."

"इथे झुंजार नाही ना! शेवटी अमेरिकेतून कळतं, ती नेब्रास्काची. तिथल्या पोलिसाचं नाव काफ्का. मग बेकची माणसं बोटीवरच्या प्रवाशांना हुडकतात. कोणी कुठल्या देशात, कोणी कुठल्या. सुट्टीत काढलेले फोटो आणि फिल्मचे तुकडे मागवतात आणि पडद्यावर पुन्हा पुन्हा बघत बसतात. ती कुठे दिसते, तिच्या शेजारी कोण उभं आहे."

"असंच असतं," काकू मान हलवत म्हणाल्या. "हे दिवसभर दारं वाजवत फिरायचे. दहा घरांत काही नाही, अकराव्यात कुत्रं चावायचं. लोकांना वाटतं पोलीस म्हणजे पिस्तूल. पोलीस म्हणजे चपला झिजणं."

शोवॉल-वालोंनी नेमकं हेच स्वीडिश वाचकांपुढे ठेवलं. या दोघांनी एड मॅकबेनच्या अमेरिकन पोलीसकथाही स्वीडिशमध्ये आणल्या. एकटा हुशार गुप्तहेर न घेता अख्खं पोलीस खातं नायक करायचं, ही चाल तिकडची. पण त्यांच्या खात्यातली माणसं अशी, की त्यांच्याबद्दल आमच्या दोघींचं बोलणं आठवडाभर चाललं.

"तो कॉलबर्ग कसा आहे?" काकू मुलाची चौकशी करावी तसं विचारतात.

"खाण्याचा शौकीन. बायको तरुण, संसार सुखाचा. पण बंदूक बाळगत नाही. एकदा चुकून त्याच्या हातून सहकारीच मेला होता."

"आणि तो उंचापुरा?"

"गुनवाल्ड लार्सन. श्रीमंताघरचा, घरच्यांशी वैर. भारी सूट शिवून घेतो आणि दर पुस्तकात त्या सूटची काही ना काही वाट लागते. तोंड फटकळ. पण इमारतीला आग लागली तेव्हा एकट्यानं माणसं बाहेर काढली. खात्यात त्याला मित्र एकच, रॉन. त्या रॉनचं नाक कायम लाल. आणि मेलांडर म्हणून आहे, वाचलेला प्रत्येक कागद त्याच्या लक्षात राहतो. पण हवा असेल तेव्हा बाथरूममध्ये असतो."

काकू खळखळून हसल्या. "आमच्याकडे होते एक रायटर हवालदार. अस्सेच!"

गस्तीच्या गाडीतली जोडगोळी, क्रिस्तियानसन आणि क्वांट, तर काकूंची विशेष लाडकी. दोघेही कामचुकार. 'द लाफिंग पोलीसमन'मध्ये नोव्हेंबरच्या पावसात एका दुमजली बसमध्ये नऊ जणांवर गोळीबार होतो. तिथे पहिले पोचतात हे दोघे, आणि बूट घालून सगळ्या पुराव्यावरून फिरतात. त्या रात्री शहरातले बाकीचे पोलीस अमेरिकन वकिलातीसमोर, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध निघालेल्या मोर्च्याच्या बंदोबस्ताला.

"बंदोबस्ताला सगळे नेले की गावात हे व्हायचंच," काकू म्हणाल्या.

"मेलेल्यांत बेकच्या हाताखालचा एक तरुण पोलीसही असतो. तो त्या बसमध्ये काय करत होता, कोणालाच माहीत नाही."

"थांब! पुढचं सांगू नकोस. पुस्तक दे."

हे पुस्तक 1968चं. 1971 साली त्याला अमेरिकेतला रहस्यकथांचा एडगर पुरस्कार मिळाला, 1973 साली हॉलिवूडनं त्यावर सिनेमा काढला आणि बस थेट सॅन फ्रान्सिस्कोला नेली. स्टॉकहोमचा पाऊस गेला तिथेच निम्मी गोष्ट गेली, असं माझं मत. कारण या पुस्तकांतलं स्टॉकहोम नुसतं मागचा पडदा नाही. जुनी घरं पाडून काचेच्या कचेऱ्या उभ्या राहतात, म्हातारी माणसं एकेकट्या खोल्यांत मरतात. पोलीस खातं 1965 साली एका केंद्राखाली आलं, तेव्हापासून वरचे साहेब पत्रकार परिषदांत दंग.

"म्हणजे राजकारण आलंच," काकू म्हणाल्या.

"दोघे कट्टर डावे होते ना! वालोला तर फ्रँकोच्या स्पेननं हाकलून दिलं होतं. त्यांचं म्हणणं, स्वीडन स्वतःला सगळ्यांची काळजी घेणारं राज्य म्हणवतं, पण गरिबाला उघड्यावर टाकतं. हे भाषणात सांगितलं तर कोण ऐकणार? म्हणून खुनाची गोष्ट लावली. आपण बेकचं पोट नि लार्सनचे सूट यांच्या गप्पांत रमतो, आणि तेवढ्यात ते आपल्याला सगळं दाखवून टाकतात."

"एखादं उदाहरण सांग."

मी सातव्या पुस्तकातलं सांगितलं. एक मधुमेही बाई रस्त्यात कोसळते. पोलिसांना वाटतं प्यायलेली आहे. कोठडीत टाकतात. इन्शुलिनवाचून ती तिथेच मरते. चौकशी होते आणि दोष कोणाचाच निघत नाही. खून नंतर होतो, एका पोलीस अधिकाऱ्याचा.

काकू ताडकन म्हणाल्या, "दारुडा आणला की आधी सरकारी दवाखाना, मग कोठडी. ह्यांनी नोकरीभर पाळलं. साहेब ओरडले तरी पाळलं."

"तुमचा तो एक गुन्हा हाच, काकू. राज्याचा. एकेक खून म्हणजे त्याची पावती. कॉलबर्गला हे इतकं उमजतं, की नवव्या पुस्तकात तो राजीनामा लिहून देतो."

दहावं 'द टेररिस्ट्स', 1975चं. त्याच वर्षी जूनमध्ये वालो गेला, 48 वर्षांचा होऊन. त्या पुस्तकात स्वीडनच्या पंतप्रधानांचा खून होतो. पुढे 28 फेब्रुवारी 1986ला खरेच पंतप्रधान ओलोफ पाल्मे, बायकोबरोबर सिनेमा बघून पायी घरी जाताना, भर स्टॉकहोममध्ये गोळी घालून मारले गेले. बरोबर अंगरक्षक नव्हता. तो तपास 2020 साली बंद झाला. संशयित म्हणून ज्याचं नाव सांगितलं, तो तोवर मेलेला होता. कादंबरीतल्या पोलिसांनी कधी इतका घोळ घातला नसेल.

"आणि ती माय?"

"2020च्या एप्रिलमध्ये गेली, 84 व्या वर्षी. वालोमागे पंचेचाळीस वर्षं होती, पण बेकचं अकरावं पुस्तक लिहिलं नाही."

"शहाणी," काकू म्हणाल्या. मग काहीतरी आठवून भुवया आक्रसल्या. "त्या बेकच्या बायकोचं काय झालं पण?"

"इंगाचं? तो वेगळा राहायला जातो. मग त्याला रेआ नील्सन भेटते. मोकळीढाकळी, घर माणसांनी भरलेलं, हाताला चव. त्याचं पोटही सुधारतं."

"सुधारेल नाही तर काय! आणि इंगा?"

"ती... फारशी येत नाही पुढे. कटकटी दाखवलीय जरा."

झालं! काकूंनी आधी जाऊन नळ बंद केला, म्हणजे आता सविस्तर बोलायचं होतं.

"कटकटी? जेवायला बसला की फोन. पोराच्या वाढदिवसाला फोन. तीन-तीन दिवस माणूस घरी नाही, आला की भिंतीकडे तोंड. सगळ्या गरिबांची बाजू घेतली म्हणतेस ना त्या दोघांनी? मग पोलिसाच्या बायकोची कोणी घ्यायची? तीनशे प्रकरणं लिहिली, त्यातलं एक तिला द्यायला काय झालं होतं?"

"काकू, ती त्या काळची..."

"काळ राहू दे. बाहेरच्या खोलीत ती जहाजं मांडून ठेवतो म्हणालीस ना? त्यांच्यावरची धूळ कोण पुसायचं, ते लिहिलंय का कुठे?"