कार्नो इंजिन घरच्या घरी: नवशिक्यांसाठी

दोन ठरावीक तापमानांमध्ये ज्याहून कार्यक्षम इंजिन होऊच शकत नाही, ते कसे चालवायचे हे 1824 सालीच पॅरिसमध्ये छापून झाले आहे. लिहिणारा सादी कार्नो, वय 28, फ्रेंच लष्करातला इंजिनिअर. त्याने स्वतः असे इंजिन बांधायच्या भानगडीत पडणे टाळले. आपण बांधू.

आधी सामान. एक सिलिंडर: तळ उष्णतेला जराही न अडवणारा, भिंती जराही न सोडणाऱ्या. त्यात बिनघर्षणाचा पिस्टन. दुकानदार ‘त्यातल्या त्यात चांगला देतो’ म्हणाला तर घेऊ नये. आत हवा, शक्यतो आदर्श. एक हंडा, कितीही उष्णता काढली तरी 100 अंशांवरून न उतरणारा. एक तळे, कितीही उष्णता ओतली तरी 30 अंशांवरच राहणारे. आणि उष्णता न जाऊ देणारा एक पाट.

आता सिलिंडर हंड्यावर ठेवून हवेला प्रसरण पावू द्या. हे आयसोथर्मल प्रसरण. म्हणजे हवा फुगत राहील, पण तिचे तापमान हलता कामा नये. सगळी गोम इथे आहे. फुगणारी हवा पिस्टन ढकलते, त्या खर्चापायी ती गार पडू बघते, आणि तेवढीच उष्णता हंड्याने लगोलग भरून द्यायची असते. घाई केलीत की हंडा आणि हवा यांच्या तापमानात फरक पडतो. त्या फरकावरून उष्णता नुसती खाली घसरते. तिच्याकडून जे काम करून घेता आले असते, ते बुडाले. म्हणून सावकाश. किती सावकाश? पिस्टन हलताना दिसला, तर तुम्ही घाई करत आहात.

मग (मग म्हणजे केव्हा, हे विचारू नये) सिलिंडर पाटावर घ्या. हे अ‍ॅडियाबॅटिक प्रसरण. उष्णता येणे-जाणे बंद. हवा स्वतःच्या पुंजीवर फुगते आणि आकारमान सुमारे 1.7 पट होईपर्यंत आपसूक 30 अंशांवर येते. पुढे तळ्यावर ठेवून दाबा, पुन्हा पाटावर ठेवून दाबा, की हवा मूळ जागी. तळ्यावर नेमके कुठे थांबायचे हे आधी ठरवून ठेवा, नाहीतर दाब-आकारमानाच्या आलेखावर शेवटची रेघ पहिलीला मिळत नाही आणि व्हायवाला विचारतात. ही चार रेघांची आकृती कार्नोने काढलेली नाही. फ्रेंच इंजिनिअर क्लापेरॉनने 1834 मध्ये काढली. तिच्यावरचे बाण मात्र नीट काढा. उलटे काढलेत तर फ्रिज होतो.

कार्यक्षमता काढताना तापमान केल्व्हिनमध्येच घ्या: 1 वजा 303 भागिले 373, म्हणजे जेमतेम 19 टक्के. सेल्सिअसमध्ये घातलेत तर 70 येतात. असे इंजिन विकता येईल, बांधता येणार नाही. 19 फारच कमी वाटत असतील, तर हंडा आणखी तापवा. तळे 30 अंशांवरच राहणार, तेव्हा दुसरा मार्ग नाही. 540 अंशांची वाफ घेतली तर मर्यादा 63 टक्क्यांच्या आसपास जाते.

हे सगळे कोणी मनावर घेतले होते का? रुडॉल्फ डिझेलने. 1893 च्या पुस्तिकेत त्याने कार्नोच्या चक्राच्या जवळ जाणारे इंजिन मांडले, दाब 250 अ‍ॅटमॉस्फिअर. आउग्सबुर्गच्या कारखान्यात लोखंडाने त्याला भानावर आणले: तापमान स्थिर ठेवून इंधन जाळायचा हट्ट सोडून त्याने दाब जवळपास स्थिर ठेवला. 1897 च्या चाचणीत 26 टक्के मिळाले, आणि आजही ट्रक चालतात ते त्याच तडजोडीच्या वंशजांवर.

तुमचे इंजिन तडजोड करणार नाही. कार्यक्षमता पूर्ण, अश्वशक्ती शून्य. कारण काम कितीही झाले तरी त्याला अनंत वेळाने भागायचे आहे. पहिली सर्व्हिसिंग पहिली फेरी पूर्ण झाल्यावर करून घ्यावी.