डब्यांची सोयरीक

खऱ्या रेल्वेवरचा, डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलरांचा गोंधळ अमेरिकेने 1893 साली कायदा करून मिटवला. धडकेसरशी आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. मॉडेल रेल्वेवाल्यांसाठी असा कायदा कुणी केला नाही, आणि त्यांनी त्या स्वातंत्र्याचा पुरेपूर उपभोग घेतला.

1:87 प्रमाणाच्या, म्हणजे 'एचओ' गाड्यांवर 1950च्या दशकात हॉर्न-हुक कपलर आला. अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या राष्ट्रीय संघटनेच्या समितीतून तो निघाला, कारखानदारांनी स्वस्त म्हणून उचलला. संघटनेने मात्र त्याला अधिकृत मानक म्हणून कधीच स्वीकारले नाही. समितीचे काम याहून समितीसारखे काय असणार? खऱ्या कपलरशी त्याचे नातेही नाही. वर गाडी मागे ढकलली की तो बाजूला रेटा देतो आणि हलके डबे रुळांवरून घसरतात.

त्यापुढे 'केडी' कंपनीचा चुंबकाने सुटणारा धातूचा कपलर राजबिंडाच. त्याचे पेटंट 1990च्या दशकात संपले आणि प्लास्टिकचे भाऊबंद बाजारात उतरले. कागदोपत्री या भाऊबंदांची केडीशी सोयरीक जुळते. पण लांब मालगाडी चढाला लागली की प्लास्टिक वाकते, किंवा एखादा कपलर जरासा खाली लोंबतो. मग इंजिन पुढे, डबे मागे. हॉर्न-हुक तर केडीशी जुळतच नाही, म्हणून काहीजण दोन टोकांना दोन जातींचे कपलर लावलेला मध्यस्थ डबा बाळगतात.

कपलरची उंची तपासायचे गेज बाजारात मिळते. इंजिनाच्या रंगछटेवर तासभर वाद घालणारा गृहस्थ ती उंची मात्र नुसत्या नजरेनेच मोजतो.