ओटीपोटाचं ऑडिट

माझ्या पोटात पाळीच्या कळा सुरू झाल्या की आजूबाजूच्या माणसांना माझ्या सवयी दिसायला लागतात. एरवी दिसत नाहीत असं नाही, पण तेव्हा बोलायला निमित्त नसतं. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे ऑडिटरची नजर ओळखते. चूक सापडणार हे त्याचं ठरलेलंच असतं. कोणत्या पानावर, एवढंच बघायचं राहिलेलं असतं.

आईचं पान मोबाइलचं. डोळे चुरचुरले, केस गळले, पोळी करपली, तरी कारण मोबाइल. मग ओटीपोटच तेवढं कसं सुटेल? सासूबाईंचं पान फ्रिजच्या पाण्याचं. “गार पाणी ढोसतेस, मग पिशवी आखडणार नाही तर काय?” त्यांच्या हिशेबी माझ्या घशापासून गर्भाशयापर्यंत थेट नळ टाकलेला आहे. आत्याचा राग लोणच्यावर, कारण आंबट. हीच आत्या मी शाळेत असताना, ‘कावळा शिवला’ की मला बरणीजवळ फिरकू द्यायची नाही, लोणचं नासतं म्हणून. तेव्हा माझ्यापासून लोणच्याला धोका होता, आता लोणच्यापासून मला आहे. नवरा त्या मानाने आधुनिक. तो म्हणतो, “तू फार स्ट्रेस घेतेस.” हे म्हणताना त्याच्या हातात एक मोजा असतो आणि दुसरा कुठे आहे ते त्याला मला विचारायचं असतं.

घरातून सुटावं तर डोंबिवलीहून लोकलचा लेडीज डबा. माझा चेहरा बघून बायका सरकतात, चौथ्या सीटवर टेकू देतात. मोबदल्यात उपाय ऐकायचे. ओव्याचा काढा, बेंबीवर हिंग, बाळंतशोपा. नव्या मुलींचा उपाय बियांचा असतो. पहिला पंधरवडा जवस आणि भोपळ्याच्या बिया, दुसरा पंधरवडा तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. सांगणारीने ठाण्यापर्यंत नीट समजावलं आणि मुलुंडला तिचे स्वतःचेच पंधरवडे उलटेपालटे झाले. या बियांच्या वेळापत्रकाने कळा थांबतात याला धड पुरावा नाही. चटणी मात्र उत्तम होते.

या सगळ्या सिद्धान्तांना आमच्या घरातच एक अडचण आहे, ती म्हणजे माझी जाऊ. ती रात्री दोनला झोपते, उठल्या उठल्या बाटलीभर गार पाणी पिते, आदल्या रात्रीची पावभाजी नाश्त्याला खाते आणि व्यायाम म्हणून टीव्हीचा रिमोट शोधते. तिला पाळी आल्याचं घरात कोणाला कळत नाही. तिलासुद्धा जेमतेम कळतं. यावर सासूबाईंचं उत्तर तयार असतं: “तिची प्रकृतीच तशी.” म्हणजे जावेला दुखत नाही ती तिची प्रकृती आणि मला दुखतं त्या माझ्या सवयी.

खरं कारण प्रोस्टाग्लॅन्डिन नावाच्या रसायनांत आहे. गर्भाशयाचं अस्तर सुटायच्या सुमारास ती त्या अस्तरात तयार होतात आणि गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. स्नायू आवळला की त्याचा रक्तपुरवठा घटतो, आणि कळ येते. जिच्यात ही रसायनं जास्त, तिला कळा जास्त. शिवाय ती शेजारच्या आतड्यांनाही चळवतात, म्हणून पहिल्या दिवशी कित्येकींना जुलाब आणि मळमळ. (यावर आदल्या दिवशीच्या पाणीपुरीला शिक्षा झालेली मी पाहिली आहे.) गंमत म्हणजे ही रसायनं 1930च्या दशकात सापडली ती पुरुषांच्या वीर्यात. स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी 1935 मध्ये, ती प्रोस्टेट ग्रंथीतून येतात असं समजून त्यांचं बारसं केलं. कळा आमच्या, पण नाव लागलं ते पुरुषाच्या ग्रंथीचं. जुन्या रेशनकार्डांची सवय असल्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

मग सवयींचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तिथेच खरी गोची आहे, कारण ज्या सवयींचा आहे त्या विचारायला कोणी येत नाही. सिगारेट घ्या. धूम्रपान करणाऱ्या बायकांना कळा जास्त होतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण लेडीज डब्यात मला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. चांगल्या घरच्या बाईला लोणचं विचारायचं असतं. नाश्त्याचंही तसंच. जपानमधल्या तरुणींच्या पाहण्यांत नाश्ता चुकवणाऱ्यांना जास्त दुखत असल्याचं आढळलं. आता नाश्ता चुकला म्हणून दुखतं की दुखतं म्हणून घास उतरत नाही, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तरी ही बातमी आईपर्यंत जाऊ नये अशी मी काळजी घेते. आल्याच्या पुडीने काही छोट्या चाचण्यांत गोळीइतका आराम दिलाय. ही मात्र मी आईला आपणहून सांगितली, कारण आल्याचा चहा मग तीच करून देते.

व्यायामाचं पारडं बरंच जड आहे. 2019 साली कॉक्रेन संस्थेने अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. आठवड्यातून तीनदा, पाऊण तास ते तासभर व्यायाम केला तर कळा बऱ्याच कमी होतात असं निघालं. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्यांनीच सांगून टाकलं. व्यायाम कुठलाही चालतो, योगासनांपासून दमछाक होईपर्यंतचा. एका हाताने लोकलची कडी धरून दीड तास उभं राहणं मात्र त्यात धरत नाहीत. माझी मावसबहीण पुण्यात अय्यंगार पद्धतीची योगासनं करते. त्या पद्धतीत पाळीत शीर्षासन, सर्वांगासन करायचं नसतं. लोडावर पाठ टेकून, पाय पट्ट्याने बांधून सुप्तबद्धकोणासनात निवांत पडायचं. पडून राहण्याला इतकं भारदस्त नाव असेल तर घरात कोणी “ऊठ” म्हणत नाही, म्हणून मी ते ताबडतोब शिकून घेतलं. शीर्षासनाची सवलत तेवढी वाया गेली. ते मला एरवीही येत नाही.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मोबाइलचं विचारलं नाही, फ्रिजचंही नाही. त्यांनी विचारलं: दुखणं अलीकडे वाढत चाललंय का? पाळी नसतानाही दुखतं का? संबंधाच्या वेळी, शौचाच्या वेळी? गोळीने थांबतं का? कारण दहातल्या साधारण एका बाईला एंडोमेट्रिऑसिस असतो, म्हणजे अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते. तो पहाटे उठून, बिया खाऊन, गार पाणी सोडून जात नाही. त्याचं निदान व्हायला अनेकदा वर्षानुवर्षं लागतात, आणि का लागतात हे मला आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून नीट समजतं. तिथे रोगाचं नाव निघायच्या आत लोणच्याचा नंबर लागलेला असतो.

माझं तसलं काही निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली आणि ती कधी घ्यायची ते सांगितलं. “अगदीच सहन होईना तर घे” ही आमच्या घरची रीत. पण ही गोळी प्रोस्टाग्लॅन्डिन तयार होणंच अडवते. ती तयार होऊन कामाला लागल्यावर गोळी घेणं म्हणजे सहनशीलतेचं प्रमाणपत्र मिळवून दिवस घालवणं. म्हणून कळ सुरू होताच घ्यायची, दोन घास खाऊन. अल्सर, दमा, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र आधी विचारायचं. मी हे सांगितल्यावर डब्यात हाहाकार झाला. माझ्या गोळीतल्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, तेव्हा लक्ष ठेवा, असा इशारा 2023 च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने दिला होता. तो डब्यातल्या ग्रुपवर फिरत फिरत ‘गोळीवर बंदी’ होऊन बसला होता.

गोळीबरोबर शेक. 2001 साली अमेरिकेत एक चाचणी झाली होती. तिच्यात ओटीपोटावर बांधलेली, 39 अंशांच्या आसपास मंद ऊब देत राहणारी पट्टी आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरली. तव्यावर फडकं तापवून शेकणाऱ्या आजीला हे कळलं असतं तर तिने त्या शास्त्रज्ञांना उशिरा आल्याबद्दल बोल लावले असते.

मी बॅटरीवर चालणारा शेकायचा पट्टा घेतला आणि कुर्त्याच्या आत बांधून एसी लोकलमध्ये चढले. बाजूची बाई थंडीने कुडकुडत होती. दिव्याला ती माझ्या जवळ सरकली, मुंब्र्याला आणखी जवळ, आणि कळव्याला तिने न राहवून विचारलं, “अहो, तुमच्या अंगात ताप आहे का?” मी पट्टा दाखवला. ठाणे येईपर्यंत तो डबाभर झाला. एकीने बहिणीसाठी त्याचा फोटो काढला, एकीने किंमत लिहून घेतली, एकीने थेट पोटाला हात लावून ऊब तपासली. मग त्यांच्यातली सगळ्यात वडीलधारी चष्मा वर करून म्हणाली, “छान आहे हो. पण मला सांगा, तुम्ही रात्री झोपता किती वाजता?”