खणा हो, पण बुजवा!

पाचगणीला माणसं हवा खायला येतात. १९व्या शतकात जॉन चेसननं इथे वस्ती वसवली तेव्हापासून हे चाललं आहे. क्षयाच्या रोग्यांना इथली हवा मानवते म्हणून १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर आरोग्यधाम काढलं, आणि निवासी शाळा काढणाऱ्यांनीही मुलांच्या अभ्यासाइतकाच त्यांच्या फुप्फुसांचा विचार केला असावा. हवेचं इतकं कौतुक झालं की एका साध्या गोष्टीकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. डोंगरावर येऊन माणूस नुसती हवा खाऊन राहत नाही. तो मिसळ खातो, भजी खातो, मक्याचं कणीस खातो, स्ट्रॉबेरी विथ क्रीम खातो, गरम पाणी खोलीभाड्यातच आहे म्हणून दोनदा अंघोळ करतो, आणि सोमवारी सकाळी पसरणीचा घाट उतरून घरी जातो. जाताना जाम, चपला आणि फोटो नेतो. बाकीचं इथेच ठेवून जातो.

हे बाकीचं किती, याचा हिशेब करता येतो. भूमिगत गटार असलेल्या गावात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरावं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं मानावं, हा आपल्याकडच्या अभियंत्यांचा दंडक आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे पाचगणीत सुमारे १५ हजार माणसं राहतात. म्हणजे गाव आपलं आपण असताना रोजचे सुमारे १६ लाख लिटर. पण पाचगणी आपली आपण असते कधी? शिवाय हे पाणी दिवसभर शहाण्यासारखं थोडं थोडं येत नाही. छोट्या गावासाठी पाइपचा व्यास ठरवताना सरासरीच्या तिप्पट लोंढा धरतात, कारण सगळं गाव सकाळी एकाच सुमाराला उठतं. निवासी शाळांच्या गावात ते घंटेच्या ठोक्यावर उठतं, आणि सहलीच्या चार बसगाड्यांनीही नेमकं 'आठला निघायचंय' असंच ठरवलेलं असतं. जमिनीखालच्या नळानं हे सगळं मुकाट्यानं गिळायचं. तो कधी घातला, कशाचा आहे, कुठून कुठे जातो, याची चौकशी कोणी करत नाही. मात्र तो बदलायची भाषा निघाली की गावच्या गाव एका आवाजात ओरडतं: रस्ता खोदणार!

हे ओरडणं रास्त आहे, फक्त ते चुकीच्या दिवशी होतं, एवढंच माझं म्हणणं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जेसीबी आला की माणसं जमतात. निम्मी भांडायला येतात, निम्मी बघायला, आणि थोड्या वेळानं भांडणारेही बघायला लागतात. चर पडतो, पाइप जातो, माती ढकलली जाते, जेसीबी निघतो, आणि त्याच्या पाठोपाठ नागरिकही आपापल्या घरी जातात. खरं भांडण त्याच घटकेला सुरू व्हायला हवं होतं. खोदण्याचा त्रास दिवसांत मोजता येतो. बुजवण्याचा वर्षानुवर्षं पुरतो.

आता खोदणंच टाळता येईल का, ते आधी पाहू, कारण आपल्याकडे पहिला युक्तिवाद तोच असतो. प्रत्येकाच्या परड्यात सेप्टिक टँक आहे, मग डोंगरावर मलवाहिनी हवी कशाला? सेप्टिक टँक ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्यातून बाहेर पडणारं पाणी मुरायला जमीन लागते. टेबललँडकडे पाहिलं तर इथली जमीन काय प्रकृतीची आहे ते कळतं: वर जांभ्याचं जाड कवच, खाली काळा पाषाण. पावसाळ्यात ती आधीच तुडुंब असते, शोषखड्ड्यातलं पाणी तिला नको असतं. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी असं शास्त्र सांगतं. आपण ती शेजारी तक्रार करील तेव्हा उपसतो. शिवाय उंचावर राहणाऱ्यांची एक सोय असते, आपलं पाणी आपोआप दुसऱ्याकडे जातं. सिडने पॉइंटवर उभं राहून धोम धरणाचं निळं पाणी बघताना आपण 'वा!' म्हणतो. ते पाणी उताराच्या तळाशी आहे आणि आपण माथ्यावर, हा त्या देखाव्याचा दुसरा अर्थ. पुढे वाईचे घाट आहेत, आणि बरंच पुढे सांगली, जिचा शेरीनाला कृष्णेत स्वतःची भर घालतोच. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. संवेदनशीलता कागदावर राहू नये असं वाटत असेल तर नळ हवा. आणि नळ आला की तो म्हातारा होणार, हेही आलं.

नळाचं म्हातारपण मोठं विचित्र असतं. सांडपाणी संथ वाहिलं की त्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो वर चढतो, पाइपच्या छताला ओल असते तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात, आणि ते ॲसिड काँक्रीट खातं. हा सगळा उद्योग जिवाणूंचा आहे हे १९४५ साली मेलबर्नच्या पार्कर या संशोधकानं दाखवून दिलं. म्हणजे घाण वाहते तळातून आणि पाइप कुजतो डोक्याकडून. (अनेक संस्थांचं असंच होतं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) काँक्रीटऐवजी भाजलेल्या मातीचा नळ असेल तर ॲसिड त्याला काही करत नाही, पण त्याचे सांधे उघडतात आणि झाडांची मुळं आत शिरतात. सिल्व्हर ओकला दिसायला सावली द्यायची असते, जमिनीखाली त्याला खत आणि पाणी दोन्ही एकाच नळात मिळत असेल तर तो नाही कसं म्हणणार?

इथे कोणीतरी इंग्रजांना मध्ये आणतोच. 'त्यांचे पाइप शंभर-शंभर वर्षं टिकले, यांचे पाच वर्षांत फुटतात.' मुंबईच्या जुन्या भागाखाली १९व्या शतकातल्या विटांच्या मलवाहिन्या आजही वाहताहेत, हे खरं आहे. पण टिकल्या त्याच आपल्याला दिसतात. ज्या ढासळल्या त्यांच्या जागी केव्हाच दुसऱ्या आल्या, आणि गेलेल्या गटाराची पुण्यतिथी कोणी करत नाही. तरी या तक्रारीत एक कण सत्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. ज्या टिकल्या, त्यांच्या खालची बैठक आणि वरचा भराव नीट केलेला होता.

जुना नळ फुटका असला तरी चालून जातं, असं वाटण्याचं कारण म्हणजे तो फुटलेला दिसत नाही. दिसतो तो दुसऱ्याच ठिकाणी. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. उरलेल्या वेळी पिण्याच्या पाण्याची लाइन रिकामी असते, तिच्यात दाब नसतो, आणि शेजारून गटार झिरपत असेल तर एखाद्या सैल सांध्यातून ते पाणी ती आत ओढून घेते. सकाळी नळ सोडला की पहिली कळशी त्याची. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि हजारो माणसं आजारी पडली. आणखी एक हिशेब आहे, त्यात विनोद करण्यासारखं काही नाही. जुनी लाइन वारंवार तुंबते आणि तुंबली की कोणीतरी माणूस चेंबरमध्ये उतरवला जातो. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी उतरवतात, आणि काँक्रीट खाणाऱ्या ॲसिडच्या मुळाशी असलेला तोच वायू त्याला मारतो. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. रस्ता खोदल्यानं गिऱ्हाईक कमी होईल म्हणून लाइन बदलायची टाळणाऱ्यानं हा आकडा आपल्या गल्ल्याशेजारी लिहून ठेवावा.

तेव्हा खोदायचं, हे ठरलं. पण कधी? पाचगणीच्या मुख्य रस्त्याखाली असं काम निघालं असं धरून कॅलेंडर उघडा. जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा खोदणं म्हणजे विहीर काढणं. ऑक्टोबरात पावसानं उखडलेले रस्ते नुकतेच डांबरलेले असतात, त्यांना हात लावायचा तर पाप लागतं. मग दिवाळीची सुट्टी. डिसेंबरात नाताळ आणि वर्षअखेर, तेव्हा रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नसते, ब्रेकर कुठला आणता? जानेवारीपासून स्ट्रॉबेरी आणि तिच्या मागून परीक्षा. मार्चमध्ये काम होऊ शकतं, किंबहुना मार्चमध्ये सगळीच कामं होतात, पण ती ३१ तारखेच्या आत बिल काढण्यासाठी होतात, आणि नळाचा उतार बिलाच्या तारखेला जुमानत नाही. एप्रिल-मे म्हणजे सीझन, त्याचं नावही काढायचं नाही. मधूनच एखादी निवडणूक येते आणि तिच्याबरोबर आचारसंहिता. पितृपक्षात पर्यटक जरा कमी, पण पाऊस तेव्हा परतीच्या वाटेवर रेंगाळत असतो. राहता राहिला अधिक मास. त्यात शुभकार्य करत नाहीत, आणि गटार हे शुभकार्य आहे असा दावा अद्याप कोणी केलेला नाही. पण धोंड्याच्या महिन्यात जावई येतात, आणि त्यांना अनारसे देऊन उघड्या चरावरून नेणं बरं दिसत नाही. सारांश, सोयीचा महिना नाही. तो नाहीच म्हटल्यावर त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. गैरसोयीचा का होईना, एक महिना ठरवावा आणि तो पाळावा.

मग तो चर. यातलं रहस्य माती उपसल्यावर सुरू होतं. दाबून बसलेली जमीन मोकळी केली की तिचं आकारमान वाढतं, म्हणून पाइप घालून चर भरला तरी वर मातीचा उंचवटा उरतो. ठेकेदार म्हणतो, 'बसेल ती.' आणि ती बसते! पहिल्या चांगल्या पावसात उंचवट्याचा खड्डा होतो. माती वर्षभर आपली आपण बसत राहते, तिच्यावरचं डांबर तिच्यासोबत खाली जातं, त्यावरून ट्रक गेला की नव्या पाइपचे सांधे हलतात, आणि नवा पाइप म्हातारपणाची वाट न बघताच गळायला लागतो. हे टाळायचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: पाइपखाली बारीक मुरुमाची सपाट बैठक, मग वीतभर जाडीचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुमस, मग पुढचा थर. यात गुप्त असं काही नाही. अडचण अशी की पाइप मीटरमध्ये मोजता येतो, मोजमाप पुस्तकात लिहिता येतो आणि त्याचा फोटोही निघतो. धुमस फिरवलं की नाही, ते मात्र माती झाकून टाकते. जे दिसत नाही त्याची घाई होते. करारात दोष दायित्वाचा कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत रस्ता खचला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. ही मुदत कधी संपते हे ठेकेदाराला तोंडपाठ असतं. ज्याच्या दारात खड्डा पडतो त्याला अशी मुदत असते हेच माहीत नसतं.

शिकलेला वाचक म्हणेल, आता तंत्रज्ञान आलंय, न खोदता जुन्या पाइपच्या आतून नवं अस्तर घालतात. घालतात, आणि जिथे जमेल तिथे जरूर घालावं. पण अस्तर जुन्या पाइपच्या वळणानंच जातं. पाइप मधेच खचून पोटात पाणी साठत असेल तर अस्तर घातलेल्या पाइपच्या पोटातही तेवढंच पाणी साठेल, फक्त जास्त खर्चानं. व्यास मुळातच अपुरा असेल तर अस्तर तो आणखी कमी करतं. व्यापाऱ्यांचा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. सीझनचे दोन महिने बुडाले तर वर्ष बुडतं, हे खोटं नाही. पण त्यावर उपाय काम थांबवणं हा नसून ते तुकड्यांत करणं हा आहे. दोन चेंबरमधलं अंतर साधारण ३० मीटर असतं. तेवढा एक तुकडा खणावा, पाइप घालावा, तपासावा, बुजवावा, रस्ता पूर्ववत करावा, मगच पुढच्या तुकड्याला हात लावावा. आपल्याकडे उलट चालतं: आधी सगळा बाजार एकदम उघडा करायचा, मग पाइपची वाट बघायची.

हे सुधारत का नाही? गटाराला उद्घाटन नसतं म्हणून. बागेची फीत कापता येते, रस्त्याला नारळ फोडता येतो, पण मलवाहिनीचं लोकार्पण करायचं तर पाहुण्यांना उभं कुठे करायचं? लंडनमध्ये १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सचा वास थेट पार्लमेंटात शिरला. चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवलेले पडदे लावूनही सभासदांना बसवेना, तेव्हा १८ दिवसांत कायदा झाला आणि जोसेफ बॅझलजेटला शहराखाली मलवाहिन्यांचं जाळं विणायला पैसे मिळाले. त्याआधी कॉलऱ्यानं हजारो माणसं मेली होती, तेव्हा इतकी घाई कोणाला सुचली नव्हती. वास योग्य नाकांपर्यंत जावा लागतो. आपली विधानसभा पाचगणीपासून फार लांब भरते, त्यामुळे हे काम नागरिकांच्याच नाकावर आहे.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या दारात चर पडला तर जेसीबीशी भांडू नका, त्याला चहा द्या. संध्याकाळी, माती ढकलायच्या आधी खाली या. नव्या पाइपच्या एका तोंडाशी दिवा धरून दुसऱ्या तोंडाशी आरसा ठेवायची जुनी चाचणी आहे. पाइप सरळ असेल तर आरशात उजेडाचा पूर्ण गोल दिसतो, वाकडा असेल तर तुकडा. तो गोल स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग धुमस कुठे आहे ते विचारा, दोष दायित्वाची मुदत कुठल्या तारखेला संपते ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, आणि शेवटच्या थरावर पाणी पडेपर्यंत घरी जाऊ नका.