दोरीला थंडी वाजत नाही

जानेवारीत क्योटोमध्ये भल्या सकाळी घराबाहेर दोनच प्रकारची माणसं दिसतात: ज्यांना नोकरी आहे ती, आणि ज्यांच्याबरोबर आमची आत्या आहे ती.

आत्या निफाडची. महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात पहिल्यांदा निफाडचा पारा छापून येतो, आणि तो पारा सासरच्या सातबाऱ्यावर चढवलेला असल्यासारखी आत्या त्याच्याबद्दल बोलते. तापमान शून्याच्या आसपास आहे, असं हॉटेलातल्या मुलीने काळजीने सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली, "एवढंच?" आणि सहावारीवर बिनबाह्यांचा स्वेटर चढवून, शाल काखेत मारून ती दाराशी उभी राहिली.

तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, हिंजवडीत असतो. तिथे थंडी फक्त एसीची. तरी त्याने प्रवासासाठी उणे वीस अंशांना पुरून उरणारं जॅकेट घेतलं होतं. आत थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा स्वेटर, गळ्यात मफलर, डोक्याला माकडटोपी. हात अंगाला टेकतच नसल्यामुळे तो सतत कुणाला तरी मिठी मारायला निघाल्यासारखा दिसे. बसमधले जपानी प्रवासी अदबीने बाजूला सरकत होते.

आम्ही चाललो होतो सान्जूसान्गेन्दोला. दरवर्षी 15 जानेवारीच्या जवळच्या रविवारी या देवळाच्या आवारात धनुर्विद्येची मोठी स्पर्धा भरते. जपानभरातून सुमारे 2000 धनुर्धारी येतात, त्यात बहुसंख्य नुकती विशीत आलेली मुलं-मुली. कायद्याने तिथे 2022 पासून अठराव्या वर्षीच माणूस सज्ञान होतो, पण नटूनथटून बाण मारायला अजून विसावंच लागतं. त्या दिवशी देवळात प्रवेश फुकट असतो. ही शेवटची माहिती आत्याने विमानाची तिकिटं काढायच्या आधीच मिळवली होती.

देऊळ 1164 चं. 1249 मध्ये जळालं, 1266 मध्ये पुन्हा उभं राहिलं. सुमारे 120 मीटर लांबीची लाकडी वास्तू, आणि आत ओळीने कान्नोनच्या 1001 मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. इथल्या मूर्तींना अकरा मुखं आहेत. अकरा मुखांचा अवलोकितेश्वर कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यातही आहे, हे मी आत्याला सांगितलं. तिने मूर्तींच्या रांगेवरून नजर फिरवली.

"म्हणजे बोरिवलीचेच की. इकडे येऊन चांगला जम बसवलाय."

त्याच दिवशी तिथे आणखी एक विधी असतो. मंतरलेलं पाणी विलोच्या फांदीने भाविकांच्या डोक्यावर शिंपडतात. त्याने डोकेदुखी जाते अशी श्रद्धा. ज्या गोशिराकावा सम्राटासाठी हे देऊळ बांधलं, त्यालाच म्हणे डोकेदुखीचा त्रास होता. पाणी डोक्यावर पडायचं तर डोकं उघडं हवं. आतेभावाने माकडटोपी काढायला आधी नकार दिला, मग आईकडे पाहिलं, मग काढली. थेंब पडताच त्याच्या तोंडून जे निघालं, ते भोवतीच्या जपान्यांना बहुधा संस्कृत वाटलं असावं. दोघांनी हात जोडले.

खरी गंमत देवळाच्या पश्चिमेच्या मोकळ्या पट्ट्यात होती. 60 मीटरवर एक मीटर व्यासाची लक्ष्यं मांडलेली, आणि अलीकडे फुरिसोदे नेसलेल्या मुलींच्या रांगा. फुरिसोदे म्हणजे अविवाहित मुलींचा ठेवणीतला किमोनो. त्याच्या बाह्या जवळजवळ मीटरभर लोंबतात. लग्नाच्या पंगतीत तो शोभतो. हातात धनुष्य असेल तर ही बाही आणि धनुष्याची दोरी यांची गाठ पडणारच.

आणि जपानी धनुष्य हे काही साधं प्रकरण नाही. ते दोन मीटरहून उंच, धरणाऱ्या मुलीपेक्षा हातभर जास्त. मूठ मधोमध नसून बरीच खाली. दोरी ओढायची ती हनुवटीपाशी थांबत नाही, कानाच्याही मागे जाते. सुटली की गालाजवळून, छातीसमोरून, डाव्या हाताच्या कडेने सणसणत पुढे येते. एवढ्यावर भागत नाही. बाण सुटताच धनुष्य मुठीतल्या मुठीत गर्रकन फिरतं आणि दोरी मनगटाच्या बाहेरच्या अंगाला येऊन थांबते. म्हणजे डाव्या हाताला तिने प्रदक्षिणाच घातलेली असते. या वाटेत बाहीची चुणी आली, मफलरचं टोक आलं, झिपचा लोंबता तुकडा आला, की दोरी त्याला फटकावते. तिचा वेग मरतो, बाण भरकटतो, आणि उरलेला राग कातडीवर निघतो. कापड कितीही महागाचं असो, दोरी किंमत विचारत नाही.

मुलींनी यावर काढलेला तोडगा आम्ही डोळ्यांनी पाहिला. पाळी येईपर्यंत त्या खांद्यावर शाली आणि कोट घेऊन कुडकुडत होत्या. पाळी जवळ आली की कोट मैत्रिणीकडे. तासुकी नावाची एक लांब नाडी बाह्यांखालून घेत, पाठीवर फुली मारत, अशी काही आवळायची की दोन्ही बाह्या गोळा होऊन खांद्याशी बसतात आणि कोपरापासून हात मोकळे. छातीवर चामड्याचं कवच, म्हणजे किमोनोचा गळाही दोरीच्या वाटेत येत नाही. सगळं काही क्षणांत, आरशाशिवाय.

आत्याचा चेहरा उजळला. "पदर खोचलाय बघ. कामाची पोर दिसते."

पुरुषांचं प्रकरण याहून सोपं आणि म्हणूनच भयानक होतं. किमोनो घातलेल्या एका तरुणाने डावा हात गळ्यातून बाहेर काढला, बाही मागे सोडली, आणि अर्धं अंग उघडं टाकून तो वाऱ्यात उभा राहिला. खांद्यावर काटा आलेला आम्हाला इतक्या लांबूनही दिसत होता. चेहऱ्यावर मात्र काही नाही. याला हादानुगी म्हणतात, आणि तो शिष्टाचाराचाच भाग आहे.

"न्यूमोनिया होईल त्याला," माकडटोपीतून आवाज आला.

"अर्जुनाला झाला का?" आत्या म्हणाली. "कॅलेंडरवर बघ. एकाही धनुर्धाऱ्याच्या दंडावर बाही नाही. रामाने वनवासात एवढे हिवाळे काढले, उपरणं कधी दोरीत अडकलं नाही."

मी तिला मंगोलियाचं उदाहरण दिलं. तिथली थंडी उघड्या खांद्याला परवडणारी नाही. तिथले तिरंदाज देल नावाचा जाड झगा घालतात आणि मनगटापासून कोपराकडे बाहीवर चामड्याची पट्टी आवळतात. हात उबदार राहतो आणि कापड दबलेलं. आत्याने मंगोलियाला पास केलं.

या देवळाला धनुर्धाऱ्यांची सवय जुनी आहे. एदो काळात त्याच्या पश्चिमेच्या व्हरांड्यात बसून, छताच्या तुळयांना न लागता, या टोकाचा बाण त्या टोकाला पोचवायची चढाओढ चाले. अंतर तेच, सुमारे 120 मीटर. 1686 मध्ये, म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराज गादीवर होते तेव्हा, किशूच्या वासा दाइहाचिरो या तरुणाने एका अहोरात्रीत 13,053 बाण सोडले आणि त्यातले 8,133 पार नेले. हिशेब केला तर साडेसहा सेकंदांना एक बाण. आतेभावाला जॅकेटची झिप लावायला याहून जास्त वेळ लागतो. त्या विक्रमाची तारीख जुन्या जपानी पंचांगाप्रमाणे चौथ्या महिन्याची आहे, म्हणजे थंडी सरून गेल्यावरची. "शहाणा होता," आत्या म्हणाली.

एवढं पाहिल्यावर हात शिवशिवणारच. दुसऱ्या दिवशी आम्ही पर्यटकांना धनुष्य धरू देणाऱ्या एका दोजोत गेलो. दोजोची लक्ष्याकडची बाजू कायम उघडी. जमीन लाकडाची, बूट बाहेर. म्हणजे थंडीला समोरून आणि खालून असे दोन दरवाजे. शिकवणाऱ्या आजोबांनी आतेभावाकडे पाहिलं, त्याच्याभोवती एक चक्कर मारली, आणि काही न बोलता रबर लावलेली एक छोटी मूठ त्याच्या हातात दिली. नवख्यांना खरं धनुष्य देण्याआधी हेच देतात. आतेभावाने रबर ताणलं, सोडलं, आणि ते जॅकेटच्या डाव्या बाहीत रुतून बसलं. पिसं भरलेल्या त्या बाहीतून एक बारीक पीस निघालं आणि हवेत तरंगत राहिलं. आजोबांनी ते अदबीने टिपून खिशात ठेवलं.

मग त्यांनी खुणेने सांगितलं: काढा.

मफलर गेला. माकडटोपी गेली. जॅकेटपाशी थोडा वेळ वाटाघाटी झाल्या, पण भाषा येत नसल्यामुळे त्या आजोबांनी जिंकल्या. मग स्वेटर. थर्मलवर उभा असलेला आतेभाऊ पहिल्यांदाच नेहमीच्या मापाचा दिसला. आजोबांनी त्याला आपला सदरा किंचित वर करून दाखवला: कमरेला, आतल्या कपड्यावर काइरो चिकटवलेली होती. काइरो म्हणजे लोखंडाच्या भुकटीची पुडी. हवा लागली की भुकटी गंजू लागते आणि गंजता गंजता तासन्‌तास गरम राहते. एक पुडी पाठीला, एक पोटाला. हात आणि छाती मात्र सडसडीत. थंडीशी त्यांचं भांडण नव्हतं. ती कुठे अडवायची एवढं त्यांनी ठरवलं होतं. दोरी जिथून जात नाही तिथे वाटेल तेवढी ऊब ठेवा, जिथून जाते तिथे तिचा रस्ता मोकळा सोडा.

आतेभावालाही दोन पुड्या मिळाल्या आणि खरं धनुष्य हातात आलं. लक्ष्य होतं गवताच्या पेंढीचं, आणि ते होतं धनुष्याच्या लांबीइतक्या अंतरावर, म्हणजे जेमतेम दोन मीटर. मारुतीचं नाव घेऊन त्याने बाण सोडला. बाण पेंढीत घुसला. आजोबांनी वाकून नमस्कार केला, यानेही केला, आणि इतक्या जवळून मारल्याचा कुणीच उल्लेख केला नाही.

मग आजोबा आत्याकडे वळले. कामात अडसर होणारं कापड तिच्या अंगावर आहे का, हे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं. शाल तिने आधीच काढून ठेवली होती. पदर कमरेला खोचलेला. बिनबाह्यांचा स्वेटर छातीशी घट्ट, हात मोकळे. त्यांना सुधारण्यासारखं काही सापडेना. त्यांनी मान डोलावली आणि रबराची मूठ वगळून सरळ धनुष्यच तिच्या हातात दिलं.

त्या पावतीने आत्या बिथरली. परतताना एका दुकानातून तिने काइरोचं एक अख्खं खोकं घेतलं; द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवणाऱ्या गड्यांना कमरेला बांधायला म्हणून. रात्री खोलीत ती आतेभावाचं जॅकेट मांडीवर पसरून बसली आणि बाहीची शिवण अंगठ्याने चाचपू लागली.

"आई, काय करतेस?"

"दोन्ही बाह्या काढते. धडाचा मस्त बंडी-स्वेटर होईल."

"अगं, किती हजारांचं आहे ते!"

"मग बाह्या काय टाकून देतेय का? बाटल्यांना कव्हर करू. चहा गरम राहील."

आतेभावाने जॅकेट हिसकावून घेतलं, अंगात चढवलं, झिप गळ्यापर्यंत ओढली आणि हीटर चालू असलेल्या खोलीत तो घाम पुसत, ते न काढता झोपला.