टिपणीस

बिलियर्ड्स रूममध्ये शिरलं की बाकीच्यांची नजर टेबलाकडे जाते. टिपणीसांची जाते ती तुमच्या क्यूच्या टोकाकडे. नमस्कार-चमत्कार मागाहून. आधी ते क्यू तुमच्या हातातून अलगद काढून घेतात, चष्मा कपाळावर सरकवतात, टोक डोळ्यांपाशी नेतात आणि म्हणतात, "हं."

"कधी बदललीत?"

"झालं असेल वर्ष."

"तरीच."

हे 'तरीच' नेमकं कशाला उद्देशून असतं, ते सांगत नाहीत. पण त्यानंतर पॉकेटच्या तोंडाशी बसलेला काळा बॉलसुद्धा तुमच्याकडून आत जात नाही. आमच्या जिमखान्यातले भले भले खेळाडू त्यांच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा या एका शब्दाने जास्त वेळा हरले आहेत.

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. टिपणीस हे नाव जिमखान्याने दिलं आणि त्यांनी ते विनातक्रार घेतलं. एकदा स्पर्धेच्या ड्रॉमध्येही तेच छापून आलं. तेव्हा त्यांनी सेक्रेटरींना चिठ्ठी लिहिली, पण ती मॅच सकाळी नऊला ठेवल्याबद्दल. सकाळी चामडं आखडलेलं असतं म्हणे.

आता, ज्यांनी स्नूकर फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांच्यासाठी: क्यूच्या टोकाला पितळेची एक टोपी असते, तिला फेरूल म्हणतात, आणि त्यावर चामड्याची छोटी चकती चिकटवलेली असते. रुंदी साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटर. ही टिप. बारा फुटी टेबलावर जे काही घडतं, बॉल पुढे धावतो, मागे फिरतो, कुशनला लागून भलतीकडे वळतो, ते सगळं या चकतीतून जातं. आणि चकती पांढऱ्या बॉलला टेकते ती सेकंदाच्या एक-दोन हजारांशाइतकी. एवढ्या अवधीसाठी टिपणीस तीन आठवडे तयारी करतात. त्यांच्या मते तेही घाईतच उरकलेलं असतं.

इतिहास त्यांना पाठ आहे आणि तो ऐकल्याशिवाय तुमची क्यू परत मिळत नाही. स्नूकर जन्मलं आपल्याकडे, १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत बॉल वाढवले. टिप मात्र त्याआधीची आणि फ्रान्सची. मँगो नावाचा कॅप्टन तुरुंगात होता, तिथे त्याने लाकडी क्यूला चामड्याचं टोक लावून पाहिलं आणि बॉल सांगेल तसा फिरायला लागला. सुटून आल्यावर त्याने लोकांना थक्क करून सोडलं, १८२७ साली पुस्तकही काढलं. टिपणीसांचं यावर भाष्य असं की, "तुरुंगात होता म्हणून जमलं. घरी असता तर बायकोने दळण आणायला पाठवला असता."

टिप निवडणं हा त्यांच्या घरी समारंभ असतो. डबीतल्या सगळ्या टिपा टेबलावर मांडायच्या आणि एकेक करून ठरावीक उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडायची. 'टक' आवाज आला तर ती कडक, 'टप' आला तर मऊ. टिपणीसांना या दोन्हींच्या मधला एक आवाज हवा असतो, जो आजवर फक्त त्यांनाच ऐकू आला आहे. परीक्षा दुपारी दोन ते चारमध्ये घेतात, कारण तेव्हा सोसायटीत शांतता असते. खालच्या मजल्यावरच्या आजींना ती शांतता कशासाठी असते याची वेगळी कल्पना आहे.

ही पद्धत त्यांनी शोधलेली नाही. जुने खेळाडू करतात, आणि त्यात तथ्यही आहे. एका तुकड्यात दाबलेली टिप म्हणजे शेवटी कातडं. जनावर वेगळं, त्याचं पाठ-पोट वेगळं, तेव्हा एका डबीतल्या दोन टिपा सारख्या निघतीलच असं नाही. यावर तोडगा म्हणून पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेल्या टिपा आल्या. त्यांत जपानी कामुई टिपणीसांच्या विशेष आदराची. ती डुकराच्या कातड्याची असते. पहिली आली त्या दिवशी ती त्यांनी फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवली.

"अहो, हे नेमकं कशाचं चामडं?" वहिनींनी विचारलं.

"जपानी," टिपणीस म्हणाले, आणि विषय बदलला.

दुधाचं प्रकरण मात्र लपलं नाही. अमेरिकेतले काही पूल खेळणारे मऊ टिपा रात्रभर दुधात भिजवतात, मग वाळवून, दाबून घट्ट करतात. हे टिपणीसांना कुठूनसं कळलं. अमेरिकेतल्या दुधाचा आपल्याला काय भरवसा, म्हणून त्यांनी म्हशीचं आणि गाईचं अशा दोन वाट्या लावल्या, वर ताटली झाकली. सकाळी त्यातली एक वाटी चहात गेली. कोणती, हे त्यांनी खूप खोदून विचारलं. घरच्यांना प्रश्नाचा रोखच कळेना. पाहुण्यांनी चहा चांगला झाल्याचं सांगितलं, त्याचा प्रयोगाला काही उपयोग नव्हता.

बसवण्याचं काम पाहण्यासारखं असतं, आणि इथे मी थट्टा करणार नाही. दाढीच्या पात्याने जुनी टिप सोलून काढतात. फेरूलवरचा जुना गोंद खरवडून त्याचं तोंड अगदी सपाट करतात. टिपची खालची बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासतात, कारण हातात धरून घासली की मधे फुगीर राहते. गोंद जेलसारखा दाट हवा. पातळ असला की चामड्यात मुरतो आणि बूड दगड होतं. मग क्यू उलटी करून टिप लाकडी फळीवर टेकवायची आणि फेरूलबाहेर आलेली कड पात्याने कापायची. कडेवर थुंकीचं बोट फिरवून जाड कागदाने घासली की ती लाकडासारखी चकाकते. या सगळ्यात त्यांचा हात एकदाही थरथरत नाही. हाच हात सरळ रेषेतला निळा बॉल मारताना का थरथरतो, ते विचारायची कुणाची हिंमत नाही.

मग गोलाई. टिपचा माथा किती गोल असावा, ते नाणं लावून मोजतात. टिपणीसांचं प्रमाण म्हणजे जुना रुपया. २०११ साली सरकारने रुपयाचं नाणं लहान केलं. त्याचा संबंध महागाईशी लावणारे पुष्कळ भेटले. "आता पोरं नव्या रुपयावर टिप घासणार आणि जास्त टोकदार करून ठेवणार," असं म्हणणारा एकच. त्यांच्याकडे जुन्या रुपयांची एक पिशवी आहे. रिक्षावाल्याला ते सुट्टे देत नाहीत.

इतकं झाल्यावर माणूस खेळेल असं तुम्हाला वाटेल. पण नवी टिप खेळून खेळून मुरावी लागते. मुरेपर्यंत टिपणीस मॅच खेळत नाहीत. मुरता मुरता ती कडेने पसरते, तिला कुत्र्याची छत्री फुटते. मग कड छाटायची. छाटली की माथा बदलतो. मग पुन्हा गोलाई. माथा घासून गुळगुळीत झाला की त्यावर खडू धरत नाही आणि मिसक्यू होतो. मग सुईदार हत्याराने टोचायचं. टोचलं की मऊ पडते. आणि आमचा पुण्याचा पावसाळा. "विल्सन जोन्स पुण्यात जन्मले," ते सांगतात. १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवणारे. "आपले जगज्जेते पंकज अडवाणी, तेही जन्माने पुण्याचे. म्हणजे हवेत काहीतरी आहेच. पण जून ते सप्टेंबर या हवेत टिप ओढते पाणी. अडवाणी वाढले बंगळूरला, ते उगीच नाही."

खडूबद्दल तर बोलायलाच नको. आपण ज्याला खडू म्हणतो त्यात खडू नसतोच, हे ते दर नव्या सभासदाला सांगतात. १८९७ साली शिकागोचा स्पिंक्स नावाचा खेळाडू आणि हॉस्किन्स नावाचा रसायनतज्ज्ञ यांनी सिलिका आणि खरखरीत खनिज मिसळून त्याचं पेटंट घेतलं. नवा सभासद तोपर्यंत खडू ड्रिलसारखा गरागरा फिरवत असतो. टिपणीस डोळे मिटून घेतात. खडू टिपवर हलकेच ओढायचा असतो, रंग लावल्यासारखा. त्यांनी स्वतः लावलेला खडू इतका एकसारखा असतो की तो शॉट मारून बिघडवायचं त्यांच्या जिवावर येतं.

गंमत अशी की त्यांच्या टिपा जिंकतात. आमच्याकडचे तीन-चार चुणचुणीत पोरगे आहेत. स्पर्धा आली की "काका, एवढी टिप बसवून द्या ना," म्हणत दारात उभे. काका ओरडतात, क्यूची ही काय दशा केलीस म्हणतात, आणि रात्री बसवून देतात. पैसे घेत नाहीत. पोरगा कप घेऊन आला की आधी टिप तपासतात. "शेवटच्या फ्रेमला जरा पसरली होती ना?" पोराला आठवतसुद्धा नाही. "पसरली होती," टिपणीस म्हणतात. कप त्यांना दिसलेला नसतो.

गेल्या हिवाळ्यात त्यांची स्वतःची टिप अखेर मुरली. आवाज मनासारखा, गोलाई जुन्या रुपयाची, कड लाकडासारखी. पुढच्या महिन्यात हँडिकॅप स्पर्धा होती. साहजिकच सरावात ती झिजवण्यात अर्थ नव्हता. तेव्हा टिपणीसांनी क्यू पेटीत बंद केली आणि सरावाला रॅकवरची जिमखान्याची क्यू उचलली. ही क्यू टेबलावर लोटली तर गडगडत न जाता उड्या मारते. तिच्या टिपचं वय गुण मांडणाऱ्या आमच्या मार्करलाही ठाऊक नाही. ती काळी पडलीय, चपटी झालीय, आणि एका बाजूला पाहुण्यांनी केलेल्या अत्याचारांची खूण आहे.

त्या क्यूने टिपणीसांनी ४३ चा ब्रेक मारला, म्हणजे न चुकता सलग ४३ गुण. आयुष्यातला सर्वांत मोठा. मार्कर स्कोअरबोर्डापाशी हात वर धरून उभाच राहिला. लोक टाळ्या वाजवायला लागले. टिपणीसांनी क्यू आडवी केली, चष्मा कपाळावर सरकवला, टोक डोळ्यांपाशी नेलं. "हं" नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कमिटीला अर्ज दिला: रॅकवरील क्यूची टिप काढून स्वतःच्या क्यूला बसवण्याची परवानगी मिळावी, मोबदल्यात जिमखान्यास एक कामुई टिप नवीकोरी देण्यात येईल. सर्वस्वी फायद्याचा सौदा, पण कमिटी पुण्यातली. टिप ही जिमखान्याची स्थावर मालमत्ता की जंगम, यावर चर्चा झाली. ती क्यूला चिकटलेली असल्याने स्थावर, असं एका वकील सभासदाचं मत पडलं. आज एकाने टिप नेली, उद्या दुसरा टेबलाचं कापड मागेल, हा मुद्दा खजिनदारांनी मांडला. दोन बैठकांनंतर परवानगी मिळाली. मात्र टिप जुनी व ऐतिहासिक स्वरूपाची असल्याने तिच्या मूळ आकारात कोणताही बदल करू नये, अशी अट घातली.

टिपणीसांनी पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि त्याच कागदाच्या मागे लिहून परत पाठवलं: अट मान्य नाही, टिपला गोलाई कमी आहे.