पाचशेत बसवा

मराठी माणसाला हिशेबात गम्य नाही असं ज्याला वाटतं, त्याने त्याला एकदा 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स'च्या तपासणीच्या रांगेत उभं करून बघावं. कॅलिफोर्नियात येऊन मी बरीच मंडळं पाहिली. गणपतीची, नाटकाची, दिवाळी फराळाची. पण पैशापैशावरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालणारं मंडळ एकच, आमचं मोडक्या गाडीचं.

फ्रान्समध्ये ल मां इथे 1923 पासून चोवीस तासांची शर्यत भरते. तिथे बड्या कंपन्या पाण्यासारखा पैसा ओततात. जे लॅम नावाच्या मोटार-पत्रकाराने 2006 मध्ये अल्टामॉन्टच्या ट्रॅकवर हौशी लोकांसाठी तिची टर उडवणारी ही 'लेमन्स' शर्यत भरवली. अट एकच: गाडी पाचशे डॉलरच्या आत बसली पाहिजे. चोवीस तास बहुधा नावापुरतेच. एरवी शनिवार-रविवार दिवसाउजेडी गाड्या पळतात, चालक आळीपाळीने बसतात, आणि शेवटी जिच्या फेऱ्या जास्त ती गाडी पहिली. सुरुवातीच्या काळात तर एखाद्या गाडीबद्दल बाकीच्या स्पर्धकांचं मत वाईट पडलं, की ती तिथल्या तिथे यंत्राखाली चिरडायचे. एवढी रोखठोक लोकशाही मी आमच्या सोसायटीतही पाहिलेली नाही.

पाचशेच्या वर प्रत्येक दहा डॉलरला एक फेरी वजा. गाडी साडेपाचशेची ठरली की पाच फेऱ्यांचं कर्ज डोक्यावर घेऊनच सुटायचं. सोनोमाच्या ट्रॅकवर फेरी चार किलोमीटरची, म्हणजे बाकीचे शर्यत लावत असताना तुम्ही आधी वीस किलोमीटर नुसती उधारी फेडायची. किंमत ठरवतात न्यायाधीश, आणि पावतीवर त्यांचा काडीचा विश्वास नसतो. ते बॉनेट उघडतात, एखाद्या चकचकीत शॉकॲब्सॉर्बरकडे बघतात आणि नुसते हसतात.

या न्यायाधीशांना लाच चालते. चोरून नव्हे, राजरोस. दारूची बाटली, खाद्यपदार्थ, काहीही. टेबलाखालून द्यायच्या वस्तू टेबलावर मांडलेल्या बघून पहिल्यांदा मला ओशाळल्यासारखं झालं. आमच्यातल्या कोल्हापूरकराने मात्र घरची कांदा-लसूण चटणी नेऊन ठेवली. न्यायाधीशाने बोटाने चाखली, दोन घोट पाणी प्यायला आणि आमच्या गाडीखाली वाकून पहिल्यापेक्षा जास्त वेळ बघत बसला.

पण नियमांत एक गोड पळवाट आहे. गाडीतून काढलेल्या वस्तू विकल्या, तर ते पैसे किमतीतून वजा करता येतात. सीट विका, रेडिओ विका, दारांची आतली पॅनेलं विका. रद्दी आणि दुधाच्या पिशव्या विकून महिन्याचा खर्च भागवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. सांगलीहून आईने फोनवर विचारलं, "पाचशे डॉलर म्हणजे किती रे?" चाळीस हजारांच्या वर, म्हटलं. "आणि बरी गाडी दारात असताना?" हो. "सीट विकल्यास, मग बसणार कशावर?" हा प्रश्न तपासणीतही विचारला जातो.

कारण इथूनच हिशेबाची गंमत सुरू होते. पाचशेची मर्यादा गाडीला आहे, माणसाला नाही. शर्यतीची खास सीट, खांद्यावरून आणि कमरेवरून येणारे पट्टे, आग विझवायची यंत्रणा, गाडीभर वेल्ड केलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा, झालंच तर ब्रेक आणि टायरसुद्धा, हे सगळं हिशेबाबाहेर. तिथे मात्र न्यायाधीश हसत नाहीत. पिंजऱ्याच्या वेल्डिंगवरून एकेक सांधा बघत बोट फिरवतात, पट्ट्यांवरची तारीख वाचतात. शेवटी बेरीज केली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मला या शर्यतीत सगळ्यात शहाणपणाचं वाटतं ते हेच: इंजिनाची कितीही चेष्टा करा, मानेची नाही.

गाडी हलकी करायच्या कामातला सगळ्यात सुखाचा दिवस कोरड्या बर्फाचा. जुन्या गाडीच्या तळाला, गालिच्याखाली, आवाज दबावा म्हणून डांबरासारखा थर दिलेला असतो. उन्हात तो च्युइंगगमसारखा चिकटतो, पटाशीने खरवडायला जावं तर हाताचा पार पिट्ट्या पडतो. म्हणून जाड हातमोजे घालून त्यावर कोरड्या बर्फाचे तुकडे पसरायचे आणि दारं उघडी ठेवून चहा प्यायचा. पत्र्यावरून पांढरी वाफ सरपटत बाहेर येते. थर गारठून कडक झाला की हातोडीचा एक हलका टोला, आणि सबंध पापुद्रा पापडासारखा तडकतो. खालचा रंग कारखान्यातून निघाल्या दिवशीसारखा कोरा. तीस-पस्तीस वर्षांत त्याच्यावर ऊन पडलेलं नव्हतं. हा थर कोणी विकत घेत नाही, पण वजन उतरतं, आणि ते फुकट.

गाडी वेगाने पळवायची ही नवख्यांची कल्पना. खरं काम असतं ती बंद पडू न देण्याचं. लांबलचक वळणावर चेंबरमधलं ऑइल एका बाजूला चढतं, पंप ऑइलऐवजी हवा ओढतो, आणि क्रँकचं बेरिंग काही क्षण कोरडं फिरतं. एकदा चालतं, दोनदा चालतं. तास न् तास तेच वळण आलं की ते वाजायला लागतं, आणि मग कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून स्वतःच बाहेर बघायला येतो. उपाय स्वस्त आहे. चेंबरमध्ये पत्र्याचे आडवे पडदे वेल्ड करायचे आणि चालकाला सांगायचं, बाबा, जरा दमाने. पहिला उपाय एका संध्याकाळी होतो. दुसरा कुठल्याच चालकावर अजून लागू पडलेला नाही.

माझ्याकडे गाडी चालवायचं काम नसतंच. पेट्रोल भरताना चालकाला खाली उतरावं लागतं, आणि एकाने अंगभर अग्निरोधक कपडे घालून आग विझवायचा सिलिंडर रोखून उभं राहायचं. तो मी. वाळलेल्या टेकड्यांमधल्या भर उन्हात त्या अवतारात उभं राहिलं, की आगीची भीती वाटत नाही. ती लागल्यासारखंच वाटत असतं.

पहिल्या क्रमांकापेक्षा इथे मान मोठा आहे तो वेगळ्याच बक्षिसाला. जी गाडी सुरूच व्हायला नको होती, तिने जर अपेक्षेबाहेर फेऱ्या मारल्या, तर तिचा सत्कार. एका संघाने विमानाचा सांगाडा व्हॅनच्या चाकांवर बसवून पळवला होता. तसल्यांपुढे आमची चौकोनी गाडी फारच सज्जन दिसते, पण आमचा डोळा याच बक्षिसावर आहे. बक्षिसाची रक्कम पाच सेंटच्या नाण्यांत मोजून द्यायची इथली रीत. कोल्हापूरकराने कागद घेतला. समजा पाचशे डॉलर मिळाले, तर नाणी दहा हजार. एक नाणं पाच ग्रॅमचं. म्हणजे पन्नास किलो.

"एवढा थर तोडून काढला," तो म्हणाला, "आणि जिंकलो तर परत सगळं वजन गाडीतच चढवायचं?" मग त्याने कागद उलटा केला आणि मागच्या स्प्रिंगांचा खर्च कुठल्या खात्यात दाखवायचा, ते लिहायला घेतलं.